आधी कॅसेट, मग फोटो

घरातल्या जुन्या आठवणी डिजिटल करायच्या ठरल्या की बहुतेक जण आधी अल्बम काढून बसतात. खरी घाई मात्र लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटची असते. नीट ठेवलेला कृष्णधवल फोटो शंभर वर्षंही टिकतो. चुंबकीय फितीवरचं चित्रण काही दशकांतच खराब होऊ लागतं. शिवाय ती वाजवायची कशावर? जपानच्या फुनाई कंपनीनंही २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं.

कॅसेटच्या खिडकीतून दिसणारी फीत उजेडात धरून पाहा. कडेला पांढरी भुकटी किंवा जाळीसारखे डाग दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत, माळ्यावर पडून राहिलेल्या कॅसेटला ती सहज धरते. ‘चालते का बघू’ म्हणून अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी यंत्राच्या हेडला लागते, फीत तुटू शकते आणि पुढच्या कॅसेटलाही संसर्ग होतो. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी लागते. सुपर-८ फिल्मची रिळं असतील आणि डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ती सगळ्यांत आधी डिजिटल करायला न्या.

तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तास लागतातच. कॅसेट उतरवून देणाऱ्या दुकानदाराला एक गोष्ट बजावून सांगा: काहीही कापायचं नाही, वर गाणी टाकायची नाहीत. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या मावशीचा आवाज, पंगतीत ‘अजून एक जिलबी’ म्हणून आग्रह करणारे आजोबा हे सगळं त्या लांबलेल्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या भागातच असतं. आजोबांचा फोटो घरात असेलही, आवाज बहुधा तेवढाच उरलेला असतो.

फोटोंच्या बाबतीत आधी निगेटिव्ह शोधा. छापील प्रतीपेक्षा तिच्यात तपशील जास्त असतो. छापील फोटो ६०० डीपीआयवर, ३५ मिमी निगेटिव्ह किमान २४०० वर स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा.

फाइल्स दोन हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. मूळ कॅसेट आणि निगेटिव्ह टाकून देऊ नका. मग आत्याला किंवा मोठ्या काकांना लॅपटॉपसमोर बसवा. एकेक फोटो दाखवत हे कोण, कुठलं, कधीचं ते विचारा, मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा आणि ते रेकॉर्डिंगही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.