ओल्गा लादिझेन्स्काया : समीकरणावर भरवसा किती?

गेल्या आठवड्यात आपण नाव्हिए-स्टोक्स समीकरणांपाशी थांबलो होतो. नदीचं पाणी, विमानाच्या पंखावरून सरकणारी हवा, धमन्यांतलं रक्त, अशा प्रवाहांच्या गतीचा हिशेब मांडणारी ही विकलक समीकरणं. क्लोद नाव्हिए यांनी ती १८२२ मध्ये मांडली, जॉर्ज स्टोक्स यांनी १८४५ मध्ये ती पक्क्या पायावर उभी केली. अभियंते ती बिनदिक्कत वापरतात. गणितज्ञाला मात्र त्याआधीच दोन प्रश्न छळतात. या समीकरणांना उत्तर असतंच का? आणि असलं, तर एकच असतं का?

हा नुसता काथ्याकूट वाटेल, पण तो तसा नाही. आत्ताचा प्रवाह नेमका ठाऊक असूनही समीकरण उद्यासाठी दोन वेगळे प्रवाह सांगू लागलं, तर त्यावर बेतलेल्या भाकिताला काय किंमत? ओल्गा लादिझेन्स्काया यांनी उमेदीची वर्षं या प्रश्नाला वाहिली.

त्यांचा जन्म ७ मार्च १९२२ चा, रशियातल्या कोलोग्रिव या आडगावातला. वडील गणिताचे शिक्षक, आणि मुलीचे पहिले गुरूही तेच. १९३७ मध्ये स्तालिनच्या गुप्त पोलिसांनी त्यांना पकडून ठार केलं. वडिलांवर ‘लोकशत्रू’ हा शिक्का बसला आणि तो मुलीलाही भोवला. १९३९ मध्ये लेनिनग्राद विद्यापीठानं तिला प्रवेश नाकारला. गुणवत्तेचा प्रश्नच नव्हता. युद्धाच्या काळात ती कोलोग्रिवला परतली आणि वडिलांच्याच शाळेत गणित शिकवू लागली. १९४३ मध्ये अखेर मॉस्को विद्यापीठाचं दार उघडलं. तिथे इव्हान पेत्रोव्स्की यांच्या सहवासात आंशिक विकलक समीकरणांची गोडी लागली, ती कायमची. पदवीनंतर त्या लेनिनग्रादला गेल्या. वरच्या डॉक्टरेटचा प्रबंध १९५१ मध्येच तयार होता, पण त्यावरची जाहीर परीक्षा पार पडली ती १९५३ मध्ये, स्तालिन गेल्यावर.

आता मुद्द्याचं गणित. १९३४ मध्ये ज्यां लरे या फ्रेंच गणितज्ञानं दाखवलं होतं, की अपेक्षा थोडी सैल केली तर तीन मितींतल्या प्रवाहाला उत्तर असतं. ते एकमेव असतं का, हे मात्र त्यांना सिद्ध करता आलं नाही. लादिझेन्स्काया यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस दोन मितींचा, म्हणजे सपाट पातळीतला, प्रवाह हाती घेतला. भोवती भिंती आहेत आणि भिंतीला टेकलेला द्रव स्थिर आहे, अशी खरीखुरी अट घातली. आणि सिद्ध केलं, की उत्तर असतं, एकच असतं आणि ते कितीही काळ टिकतं.

या सिद्धतेचा कणा म्हणजे आज त्यांच्या नावानं ओळखली जाणारी एक असमानता. बाहेरून जोर लावला नाही, तर द्रवाची एकूण गतिज ऊर्जा घटतच जाते, कारण चिकटपणा ती खात असतो. पण एकूण ऊर्जा आटोक्यात आहे म्हणून एखाद्या बिंदूपाशी वेग बेफाम वाढणार नाही, असं नव्हे. थोड्या जागेत मोठा वेग एकवटू शकतो. लादिझेन्स्काया यांची असमानता सांगते, की दोन मितींत या एकवटण्याला लगाम आहे. ऊर्जा आणि चिकटपणानं होणारी तिची झीज या दोन राशी हाताशी असल्या की तो लगाम पुरतो. मग एकाच स्थितीतून निघालेली दोन उत्तरं घ्या; त्यांच्यातला फरक शून्यापासून सुरू होतो आणि शून्यच राहतो.

तीन मितींत हाच लगाम तोकडा पडतो. तिथे भोवरा ताणला जाऊ शकतो. ताणला की बारीक होतो आणि बारीक झाला की, गिरकी घेताना हात अंगाशी आवळणाऱ्या नर्तकीसारखा, अधिक जोरात फिरू लागतो. ही वाढ कुठे थांबते, हे सिद्ध करायला आपल्याकडची असमानता अपुरी आहे. सपाट प्रवाहात भोवऱ्याला ताणायला तिसरी दिशाच नसते.

माझ्या मते लादिझेन्स्काया यांचं खरं धाडस पुढे दिसतं. १९६६ मध्ये मॉस्कोत भरलेल्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत त्यांनी समीकरणच बदलून पाहिलं. वेगातला बदल तीव्र झाला की चिकटपणाही वाढतो, असं गृहीत धरलेली नवी समीकरणं मांडली आणि त्यांना तीन मितींतही एकच, कायम टिकणारं उत्तर असल्याचं दाखवलं. उत्तर सापडत नसेल तर दोष आपल्या बुद्धीचाच असेल असं नाही. समीकरणच निसर्गाला पुरेसं धरून नसेल, अशी ही शंका. शंभर वर्षं पूजलेल्या समीकरणाविषयी हे म्हणायला छाती लागते.

गणिताबाहेरही त्यांचा गोतावळा मोठा होता. कवयित्री आना आख्मातोवा यांच्याशी त्यांची मैत्री होती आणि आख्मातोवांनी एक कविता त्यांना अर्पण केली आहे. १२ जानेवारी २००४ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये लादिझेन्स्काया यांचं निधन झालं.

क्ले संस्थेनं २००० साली या समीकरणांवर दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं, ते तीन मितींसाठीच. दोन मितींचा निकाल लागलेला होता. पुढच्या आठवड्यात भेटू ज्यां लरे यांना. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असताना, आपल्याला प्रवाहांचं गणित येतं हेच त्यांनी लपवून ठेवलं होतं.