व्याजदर चढला, तरी बेकारी कशी घटली?

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर नेला. कर्ज महागले की धंदे हात आखडतात, भरती थांबते आणि बेकारी वाढते, असे अर्थशास्त्र शिकवते. अमेरिकेत तसे घडलेही. 1980 नंतर तिथे व्याजदर 20 टक्क्यांच्या आसपास गेले आणि 1982 च्या अखेरीस बेकारी 10.8 टक्क्यांवर पोचली. भारताचे आकडे मात्र उलटे बोलतात.

| वर्ष (जुलै ते जून) | बेकारीचा दर (%) | वर्षअखेर रेपो दर (%) |
|---|---|---|
| 2017-18 | 6.0 | 6.25 |
| 2021-22 | 4.1 | 4.90 |
| 2022-23 | 3.2 | 6.50 |
| 2023-24 | 3.2 | 6.50 |

बेकारीचे आकडे केंद्राच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातले, 15 वर्षांवरील लोकांचे आहेत. त्यांचा अर्थ खान्देशातल्या धरणगावसारख्या कापसाच्या गावात नीट उलगडतो.

पहिला प्रश्न व्याजाचा. समजा, एका जिनिंगवाल्याने कापूस खरेदीसाठी बँकेकडून 1 कोटी रुपये चार महिन्यांसाठी उचलले. रेपोतली अडीच टक्क्यांची वाढ जशीच्या तशी त्याच्या माथी आली, तर जादा व्याज होते सुमारे 83 हजार रुपये. त्याच पैशांत 8,000 रुपये क्विंटलने 1,250 क्विंटल कापूस येतो. भाव 500 रुपयांनी घसरला, तर फटका बसतो सव्वासहा लाखांचा, म्हणजे व्याजाच्या साडेसात पट. त्यामुळे जिनिंग किती दिवस चालणार, हे रेपोपेक्षा कापसाची आवक, सरकी-रुईचे भाव आणि आयातीचे धोरण अधिक ठरवतात. केंद्राने ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले आणि सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. नवा कापूस बाजारात येण्याचे दिवस नेमके तेच होते.

शेतकऱ्याचे पीककर्ज तर रेपोच्या चढउतारापासून जवळपास अलिप्तच असते. केंद्राच्या योजनेत 3 लाखांपर्यंतचे कर्ज 7 टक्क्यांनी मिळते आणि वेळेत फेडल्यास व्याज 4 टक्क्यांवर येते. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्य सरकार उरलेलाही भार उचलते. रेपो 4 असो वा 6.5, नियमित फेडणाऱ्याला व्याज शून्यच.

दुसरा प्रश्न बेकार कोणाला म्हणायचे, हा. सर्वेक्षणाच्या नेहमीच्या मोजपट्टीत वर्षभरात किमान 30 दिवस दुय्यम काम केलेली व्यक्तीही रोजगारात धरली जाते. हंगामात जिनिंगवर चार महिने राबून उरलेले आठ महिने काम शोधणारा मजूर या हिशेबात बेकार नाही. घरच्या शेतात बिनपगारी कापूस वेचणारी सूनही कामकरीच. 2017-18 मध्ये महिलांचा श्रमबलातील सहभाग 23.3 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 41.7 झाला. त्याच काळात देशातील कामकऱ्यांत स्वयंरोजगारितांचा वाटा 52.2 वरून 58.4 टक्क्यांवर गेला. शेतीचा वाटा 2018-19 मधल्या 42.5 टक्क्यांवरून 2023-24 मध्ये 46.1 टक्क्यांवर गेला. म्हणजे बेकारी घटली, पण माणसे मोठ्या संख्येने शेतीत आणि घरच्या धंद्यात सामावली. सरसकट बेकारभत्ता नसलेल्या देशात रिकामे बसणे गरिबाला परवडत नाही. तो मिळेल ते, मिळेल त्या मजुरीवर करतो.

2025 मध्ये रेपो दर चार वेळा उतरला आणि डिसेंबरात 5.25 टक्क्यांवर आला. या सव्वा टक्क्याचा लाभ पगारदाराला थेट दिसतो. 20 लाखांच्या, 20 वर्षांच्या गृहकर्जावर व्याज 8.5 वरून 7.25 टक्के झाले, तर हप्ता सुमारे 1,550 रुपयांनी उतरतो. ज्याला बँक मुळात कर्जच देत नाही, त्या रोजंदारीवाल्याला यातून थेट काही मिळत नाही.

म्हणून खान्देशातल्या रोजगाराचा अंदाज घ्यायचा, तर बेकारीच्या टक्क्यासोबत वर्षातले कामाचे दिवस आणि दिवसाची मजुरी मोजायला हवी. 3.2 हा आकडा खोटा नाही, पण वर्षातल्या किती दिवशी हाताला काम होते, हे तो सांगत नाही.