रत्नागिरी परिसरातील ध्वनी करणारे कीटक

रत्नागिरी जिल्ह्यात चैत्र-वैशाखाच्या दिवसांत आंबा-काजूच्या बागांतून, देवरायांतून आणि घाटउतारावरील जंगलांतून जो अखंड किरकिराट ऐकू येतो, तो एकाच कीटकाचा नसतो. त्यात प्रामुख्याने तीन गटांचा वाटा असतो: झाडांवर राहणारे सिकाडा, जमिनीलगत व झुडपांत राहणारे रातकिडे, आणि गवतात व पानांत राहणारे नाकतोडे. सिकाडा हे हेमिप्टेरा म्हणजे अर्धपंखी गणात मोडतात. रातकिडे व नाकतोडे ऑर्थोप्टेरा गणात मोडतात. दोन्ही गणांची शरीररचना, आहार आणि ध्वनी निर्माण करण्याची रीत पूर्णतः भिन्न आहे.

नावांविषयी

बोलीभाषेत किरकिरणाऱ्या सर्वच कीटकांना सरसकट ‘रातकिडा’ म्हटले जाते. त्यामुळे भर दुपारी आंब्याच्या खोडावरून येणारा कर्कश नादही रातकिड्याचाच समजला जातो. तो बहुधा सिकाडाचा असतो. संस्कृतातील ‘झिल्ली’ हा शब्द मराठी साहित्यातही आढळतो. तो सामान्यतः रातकिड्यासाठी वापरला जातो. सिकाडासाठी मराठीत सर्वत्र रूढ असे स्वतंत्र नाव नसल्याने या लेखात ‘सिकाडा’ हेच नाव वापरले आहे.

सिकाडा

सिकाडाचे शरीर जाड व आखूड, डोके रुंद आणि संयुक्त नेत्र दोन्ही बाजूंस दूर असतात. दोन संयुक्त नेत्रांच्या मध्ये माथ्यावर तीन साधे नेत्र त्रिकोणात दिसतात. शृंगिका केसासारख्या बारीक व अगदी आखूड असतात. चारही पंख पातळ पडद्यासारखे असून विश्रांतीच्या वेळी कौलारू छपराप्रमाणे पाठीवर उतरते राहतात. बहुतेक जातींचे पंख पारदर्शक असतात. प्लॅटिप्ल्यूरा या प्रजातीत मात्र पुढच्या पंखांवर झाडाच्या सालीशी मिळतीजुळती नक्षी असते, म्हणून कीटक समोर असूनही दिसत नाही.

नाद फक्त नर करतो. त्याच्या उदराच्या मुळाशी दोन्ही बाजूंस कंगोरे असलेले एकेक ध्वनिपटल असते. आतील स्नायू आकुंचन पावला की पटल आत दबते आणि सैल पडला की पूर्ववत होते. पत्र्याच्या डब्याचे झाकण दाबून सोडल्यावर जसा आवाज होतो, तशीच ही क्रिया आहे. फरक इतकाच की ती अतिशय वेगाने सतत घडते. नराचे उदर बरेचसे पोकळ असल्याने त्यात ध्वनी घुमून मोठा होतो. उदराच्या खालच्या बाजूस असलेल्या खवल्यासारख्या दोन झाकणांवरून नर ओळखता येतो. मादी बहुतांश जातींत मूक असते.

मादी कोवळ्या फांदीला चिरा पाडून त्यांत अंडी घालते. बाहेर पडलेली पिल्ले जमिनीवर पडून मातीत शिरतात आणि मुळांतील रस शोषत वाढतात. हा भूमिगत काळ बहुतेक जातींत काही वर्षांचा असतो. उत्तर अमेरिकेतील मॅजिसिकाडा प्रजातीत तो १३ किंवा १७ वर्षांचा आहे. मेघालयातील क्रेमिस्टिका रिभोई ही जात दर चार वर्षांनी मोठ्या संख्येने बाहेर येते. वाढ पूर्ण झालेले पिल्लू खोडावर चढते, पाठीवर उभी फट पडून त्यातून पंखधारी कीटक बाहेर येतो आणि मातकट कात तेथेच चिकटून राहते.

रातकिडे

रातकिड्याच्या शृंगिका शरीराहूनही लांब व धाग्यासारख्या असतात. मागचे पाय उडी मारण्यास योग्य असतात, तर उदराच्या टोकाला दोन केसाळ उपांगे असतात. मादीस त्यांखेरीज सुईसारखा अंडनिक्षेपक असतो. नर पुढचे पंख एकमेकांवर घासून नाद करतो: एका पंखाच्या शिरेवर कानशीसारखे दाते असतात व दुसऱ्याची कड त्यांवर फिरते. ऐकण्याचे इंद्रिय पुढच्या पायांच्या नळीवर असते. नादाचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो. अमेरिकी शास्त्रज्ञ एमोस डॉल्बेअर यांनी १८९७ साली हा संबंध सूत्ररूपाने मांडला.

जमिनीत बिळे करणाऱ्या रातकिड्यांचे पुढचे पाय फावड्यासारखे असतात. ते कर्ण्याच्या आकाराच्या बिळाच्या तोंडाशी बसून नाद करतात, त्यामुळे आवाज दूरवर पोहोचतो. झाडावरील रातकिड्यांपैकी ओइकँथस हेन्रायी या दक्षिण भारतातील जातीचा नर पानाला भोक पाडून त्यात बसतो आणि पानाचाच ध्वनिवर्धकासारखा उपयोग करतो. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील रोहिणी बालकृष्णन व सहकाऱ्यांनी या वर्तनाचा अभ्यास केला आहे.

नाकतोडे

लांब शृंगिकांचे हिरवे नाकतोडे रातकिड्यांप्रमाणेच पंख घासतात. मात्र त्यांचा डावा पंख उजव्यावर असतो, तर रातकिड्यांत सामान्यतः उजवा डाव्यावर असतो. आखूड शृंगिकांचे नाकतोडे मागचा पाय पंखावर घासून दिवसा हलकी खरखर करतात.

फसवे आवाज

लाकडाच्या वाशांत वा वाळक्या बांबूत भोक पाडणाऱ्या काळ्या भुंग्याचा गुणगुणाट हा उडताना होणाऱ्या पंखांच्या हालचालीचा परिणाम आहे. तिन्हीसांजेला ठराविक लयीत येणारा ‘चक्-चक्’ असा आवाज पुष्कळदा रातवा या पक्ष्याचा असतो. पहिल्या पावसानंतरच्या कोलाहलात बेडकांचाही मोठा भाग असतो.

प्रत्यक्ष ओळख

केवळ वेळेवरून निर्णय करणे धोक्याचे आहे, कारण सिकाडाच्या अनेक जाती संधिकाळीही नाद करतात. पुढील क्रम उपयोगी पडतो.

* स्थान: आवाज उंच खोडावरून वा फांदीवरून येतो, की जमिनीतून, दगडाखालून वा झुडपातून?
* स्वरूप: सिकाडाचा नाद बहुधा सलग व कर्कश असतो; रातकिड्याचा सुटासुटा, शिट्टीसारखा स्वच्छ असतो.
* शृंगिका: आखूड असल्यास सिकाडा अथवा दिवसाचा नाकतोडा, लांब असल्यास रातकिडा अथवा हिरवा नाकतोडा.
* मुख: सिकाडाला रस शोषणारी सोंड असते, रातकिडे व नाकतोडे यांना चावणारे जबडे असतात.
* खुणा: खोडावरील रिकामी कात हा सिकाडाच्या अस्तित्वाचा निश्चित पुरावा होय.

झाडाखाली उभे असता ढग नसतानाही अंगावर पडणारे बारीक तुषार ही आणखी एक खूण आहे. मुळांतून वर चढणारा रस फार पातळ असल्यामुळे सिकाडा जादा पाणी थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतात.

आंबा बागा आणि सिकाडा

आंब्याच्या मोहोराचे मोठे नुकसान करणारे तुडतुडे हे सिकाडाचे नातलग आहेत. मात्र ते आकाराने फार लहान, पाचरीसारखे असतात. मोहोराचा रस शोषतात आणि त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते. सिकाडा हा आंब्याचा प्रमुख शत्रू नाही. खोडावर तो किंवा त्याची कात दिसली एवढ्यावरून बागेत कीटकनाशक फवारण्याचे कारण नाही. अशा फवारणीत परागीभवन करणाऱ्या माश्याही मरतात. याउलट झाडाखालची माती मोठ्या प्रमाणावर उकरली गेली किंवा जुने झाड तोडले गेले, तर मुळांशी वाढणारी पिढी बाहेर येण्यापूर्वीच नष्ट होते. तिची उणीव त्या वर्षी जाणवतेच असे नाही, ती पुढील उन्हाळ्यांच्या शांततेत कळते.

अभ्यास

विल्यम लुकास डिस्टंट यांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेतील १९०६ सालच्या खंडात तत्कालीन ब्रिटिश भारतातील सिकाडांची वर्णने दिली. ती मुख्यतः टाचणीला लावलेल्या नमुन्यांवर आधारलेली होती. अलीकडच्या अभ्यासात ध्वनिमुद्रणालाही महत्त्व आले आहे, कारण दिसण्यात जवळजवळ सारख्या असलेल्या जातींचे नाद वेगवेगळे असू शकतात. निरीक्षकाने ध्वनिमुद्रणासोबत तारीख, वेळ, गाव, झाडाचे नाव व कीटकाचे छायाचित्र नोंदवले, तर त्या नोंदीचा उपयोग जात निश्चित करण्यास होतो.