कूलंट बदलले, पण हवा आत राहिली

कशेडीचा बोगदा वाहतुकीला खुला होण्याआधीची गोष्ट. भाचीच्या निकाहसाठी आम्ही मुंब्र्याहून खेडला निघालो होतो. गाडीत अम्मी, पत्नी, दोन मुले आणि डिकीत आहेराच्या पिशव्या. प्रवास लांबचा, म्हणून दोन दिवस आधी मी स्वतःच गाडीचे कूलंट बदलले होते. जुने काढले, नवे भरले, झाकण लावले. चार पैसे वाचले आणि हातचे काम झाले याचे समाधान वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीतील पातळी बरीच खाली गेलेली दिसली. थोडे कूलंट वरून घातले आणि विसरून गेलो. पोलादपूरपर्यंत डॅशबोर्डच्या मागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येत होता. मुलीने विचारलेही, "अब्बा, गाडीत नळ आहे का?" आम्ही हसलो. घाट चढू लागलो आणि तापमानाचा काटा वर सरकला, खाली आला, मग एकदम लाल पट्ट्यात गेला. बॉनेटमधून वाफ निघू लागली.

गाडी कडेला घेऊन बंद केली. बॉनेट उघडले आणि घाईघाईने रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच अम्मी ओरडल्या, "थांब रे! वाफ असताना कुकरचं झाकण कोणी काढतं का?"

त्या एका वाक्याने माझा चेहरा आणि हात वाचले. रेडिएटर हा खरोखरच कुकर असतो. त्याचे झाकण आत दाब धरून ठेवते. साधे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. दाबाखाली ते त्याहून वर तापले तरी उकळत नाही. झाकण काढताच दाब जातो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर उसळते. गरम इंजिनवर थंड पाणी ओतणेही तितकेच चुकीचे, कारण त्याने धातूला तडा जाऊ शकतो.

तासाभराने इंजिन हाताला गार लागले, तेव्हा जाड फडके धरून झाकण हळूहळू सोडले. रेडिएटर अर्धा रिकामा! गळती तर कुठेच नव्हती. खालूंना फोन लावला. त्यांची उमेद आखातातील गॅरेजमध्ये गेली. ते एवढेच म्हणाले, "गळती नाही ना? मग हवा अडकली होती. पिण्याचं पाणी भर, हीटर पूर्ण सुरू ठेव, काच उघड आणि काट्याकडे बघत हळू ये." अल्लाहचे शुक्र, निकाहच्या आधी घरी पोहोचलो.

हवेने नेमके काय होते?

दुसऱ्या दिवशी खालूंनी अंगणात समजावून सांगितले. इंजिनमधील वॉटर पंप द्रव पुढे ढकलतो. हवा त्याला ढकलता येत नाही. हवा हलकी, म्हणून ती उंच जागी जाऊन बसते: इंजिनच्या वरच्या भागात, हीटरच्या नळ्यांत किंवा थर्मोस्टॅटपाशी. तिथल्या धातूला कूलंट लागत नाही, तो भाग तापतो आणि आणखी वाफ होते. थर्मोस्टॅट ही तापमानावर चालणारी झडप. ती बहुतेक गाड्यांत ८० ते ९० अंशांच्या आसपास उघडू लागते. पण भोवती कूलंटऐवजी हवा असेल तर ती वेळेवर उघडत नाही. दुर्लक्ष केले तर हेड गॅस्केट जाते आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च येतो.

आपल्याकडे एक वेगळी अडचण आहे. मुंबई-कोकणात हीटर कोणी लावतच नाही. काही गाड्यांत हीटर थंडवर असला की त्याच्या नळीतील झडप बंद राहते आणि हवा तिथेच कोंडून बसते. माझी चूक हीच झाली होती.

हवा कशी काढावी?

१. इंजिन पूर्ण गार असावे. गाडी उघड्या जागेवर, पुढची बाजू थोडी उंच राहील अशी उभी करावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धूर जीवघेणा असतो. हँडब्रेक ओढून चाकामागे दगड लावावा.

२. एसी बंद, हीटर सर्वांत गरमवर, पंखा हळू.

३. कूलंट सावकाश भरावे. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करावा आणि बुडबुड्यांविना सलग धार आली की बंद करावा. स्क्रू नाजूक असतो, जोर लावू नये.

४. झाकण न लावता इंजिन सुरू करून साध्या गतीवर चालू द्यावे. सुरुवातीला, नळी गार असतानाच, वरची जाड नळी हाताने दाबत राहावी. बुडबुडे येतील, पातळी उतरेल, तसतसे कूलंट घालावे. तोंड वर धरू नये आणि पंख्यापासून ओढणी, बाही दूर ठेवावी.

५. पंधरा-वीस मिनिटांत थर्मोस्टॅट उघडतो, तेव्हा पातळी एकदम खाली जाते. ती भरून, बुडबुडे थांबले की झाकण लावावे. द्रव उसळू लागला तर इंजिन बंद करून गार होऊ द्यावे.

६. रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबावे. हीटरमधून गरम हवा आली म्हणजे काम झाले. इंजिन गरम असूनही हवा थंड येत असेल तर कोंडलेली हवा अजून आत आहे.

७. दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर पातळी पुन्हा पाहावी.

काही नव्या गाड्यांत, विशेषतः हायब्रिडमध्ये, वेगळी पद्धत लागते. आधी गाडीची पुस्तिका वाचावी. कूलंटही तिच्यात दिलेल्याच प्रकारचे घ्यावे. रंग सारखा म्हणजे प्रकार सारखा असे नाही. घाटात भरलेले साधे पाणी काढून टाकायला विसरू नये.

शेवटी घरातल्यांसाठी एक गोष्ट. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि जहाल विषारी. सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ते कधीही ठेवू नका. मुले चुकून पितील, मांजर सांडलेले चाटेल. सांडलेले लगेच धुवून काढा आणि जुने कूलंट गटारात न ओतता गॅरेजमध्ये द्या.

आता लांबच्या प्रवासाआधी मी गार इंजिनवर पातळी पाहतो आणि मग हीटर लावून बघतो. मे महिन्यात हीटर लावलेला पाहून शेजारी हसतात. अम्मी मात्र मागच्या सीटवरून विचारतात, "कुकर तपासलास ना?"