आवाज बंद करून सुचलेली शर्यत

१९९९च्या मे महिन्यात माझ्या मावसभावाने कुणाचं तरी जुनं प्लेस्टेशन विकत आणलं आणि डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत बिनचाकांच्या गाड्या धावू लागल्या. सोबत लॅमिंग्टन रोडच्या फूटपाथवरून घेतलेल्या डझनभर कॉपी सीडी होत्या. त्यातली एक 'वाइपआउट २०९७'. गाड्या जमिनीपासून अधांतरी तरंगायच्या, घोंघों करत बोगद्यात शिरायच्या, भिंतीला घासल्या की ठिणग्या उडायच्या. गाणं मात्र एकही नाही. खेळच तसा असेल, असं समजून मी सबंध सुट्टी तो मुका खेळ खेळले.

कॉपी करणाऱ्याचा प्रताप पुढे कळला. या सीडीच्या पहिल्या ट्रॅकवर खेळ असायचा आणि पुढच्या ट्रॅकवर कुठल्याही ऑडिओ सीडीसारखी गाणी. त्या महाभागाने पहिलाच ट्रॅक तेवढा उतरवून घेतला होता. अस्सल सीडी साध्या सीडी प्लेअरमध्ये घातली असती, तरी प्रॉडिजी आणि केमिकल ब्रदर्स ऐकू आले असते. महिनाभर मी बिनफोडणीचं वरण ओरपत होते म्हणायचं.

गंमत अशी, की हा खेळ सुचला तोही आवाज बंद करूनच. लिव्हरपूलच्या सिग्नोसिस कंपनीत निक बर्कोम नावाचा डिझायनर होता. निन्टेन्डोचा 'सुपर मारिओ कार्ट' खेळताना त्याने त्यातलं टुणटुण संगीत बंद केलं आणि आपल्या आवडीचं टेक्नो लावलं. शर्यत तीच, पण तिची नाडीच बदलली. मग बर्कनहेडच्या एका पबमध्ये जिम बोवर्स या चित्रकार सहकाऱ्याबरोबर गप्पा रंगल्या आणि त्यातून तरंगत्या गाड्यांच्या शर्यतीची कल्पना पुढे सरकली. तशा गाड्या काही नव्या नव्हत्या. निन्टेन्डोने १९९०मध्येच 'एफ-झीरो' आणला होता. पण त्याला क्लबमधल्या रात्रीचा वास नव्हता.

सोनीने १९९३मध्ये सिग्नोसिस विकत घेतली होती. २९ सप्टेंबर १९९५ला प्लेस्टेशन युरोपच्या बाजारात उतरलं, त्याच्यासोबत 'वाइपआउट'ही उतरला. कथानकातलं साल २०५२. टिम राइटने खेळासाठी संगीत केलं होतंच, शिवाय युरोपच्या आवृत्तीत लेफ्टफील्ड, ऑर्बिटल आणि केमिकल ब्रदर्सची गाणी होती. जाहिरातीत नाकातून रक्त आलेली तरुणी दाखवली म्हणून ओरडही झाली. मुलांच्या खेळण्याची जाहिरात अशी नसते, हे खरंच. पण सोनीला मुलं नकोच होती, त्यांचे मोठे भाऊ हवे होते.

मी आज पॅकेजिंग डिझाइनचं काम करते, त्यामुळे माझा जीव अडकतो तो शेफील्डच्या 'द डिझायनर्स रिपब्लिक'मध्ये. रेकॉर्डची कव्हरं करणारी ही मंडळी. त्यांनी वाइपआउटमधल्या फायसार, क्विरेक्स, ऑरिकॉम अशा काल्पनिक संघांना खऱ्याखुऱ्या कंपन्यांना शोभतील असे लोगो दिले. ताशी शेकडो किलोमीटरच्या वेगात जो फलक डोळ्यांसमोरून क्षणभर जाणार, त्याच्याही अक्षरांवर मेहनत घेतलेली दिसते. आमच्या धंद्यात इतका हट्ट कुणी धरला, तर क्लायंट दुसऱ्या दिवशी फोन उचलणार नाही.

खेळायला हा पहिला भाग छळवादी होता. वळण घ्यायला डावा आणि उजवा असे दोन एअरब्रेक. ज्या बाजूचा दाबाल, त्या बाजूला गाडीचं नाक ओढलं जातं. जरा चुकलं, भिंतीला धडकलं, की गाडी जागच्या जागी गपकन थांबायची. १९९६च्या '२०९७'मध्ये भिंतीला घासत का होईना, पुढे जाता येऊ लागलं. मालिकेतला माझ्या मते सर्वोत्तम भाग हाच.

१९९९चा तिसरा भाग लीड्सच्या स्टुडिओने केला. डिझायनर्स रिपब्लिकचं या मालिकेतलं हे शेवटचं काम. २००२चा 'फ्यूजन' मला कधीच भावला नाही. २००५मध्ये हातात मावणाऱ्या पीएसपीवर आलेल्या 'प्युअर'ने मालिका सावरली.

२००८च्या 'वाइपआउट एचडी'ची गोष्ट वेगळी. झगमगाटामुळे अपस्माराचा झटका येऊ शकतो का, या चाचणीत तो आधी नापास झाला आणि प्रकाशन लांबलं. त्यातली एक युक्ती मला फार आवडते. सेकंदाला ६० चित्रं दाखवायचीच, हा नेम. पडद्यावर गर्दी वाढून यंत्राला धाप लागली, की खेळ गुपचूप चित्राच्या आडव्या रेषेतले ठिपके कमी करायचा. डोळ्याला पत्ताही लागत नसे. भजनात घाईच्या जागी बुवा दोन अक्षरं गिळतात, पण ठेका सोडत नाहीत, तसंच.

सिग्नोसिसचं नाव तोवर स्टुडिओ लिव्हरपूल झालं होतं. २०१२च्या सुरुवातीला त्यांनी 'वाइपआउट २०४८' आणला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सोनीने स्टुडिओ बंद केला. २०१७चं 'ओमेगा कलेक्शन' हे जुन्याच भागांना पॉलिश करून काढलेलं रूप, तेही इतरांच्या हातचं.

मागच्या वर्षी मी '२०९७'ची अस्सल सीडी जुन्या वस्तूंच्या ढिगातून उचलली. ओरखड्यांमुळे खेळ सुरूच होत नाही. दुसऱ्या ट्रॅकपासून गाणी मात्र व्यवस्थित वाजतात.