तक्रारनोंदींत ईमेल-सूचनांची व्यवस्था

सहकारी संस्थेच्या कचेरींत तक्रारवही नाहीं, असें सहसा आढळत नाहीं. वही असते, तिला दोरीनें पेन्सिल बांधलेली असते, आणि सभासद आपलें गाऱ्हाणें तींत लिहूनहि जातो. अडचण येते ती पुढें. वही उघडून पाहण्याचें काम नेमकें कोणाचें, हें ठरलेलें नसतें. आणि ज्याचें तें असतें त्यास नवी तक्रार आल्याचें कळावयास वहीजवळच यावें लागतें. उपसा सिंचनाच्या संस्थेंत याचा परिणाम काय होतो, हें आमच्या वाचकांस विस्तारानें सांगावयास नको. गव्हास पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनीं, मुकुटमुळें फुटण्याच्या वेळीं, पाणी मिळालेंच पाहिजे. त्याच आठवड्यांत शाखानळीचा व्हॉल्व्ह अडकला, तक्रार सोमवारीं लिहिली गेली आणि शनिवारीं वाचली गेली, तर फुटवे कमी व्हावयाचे ते होऊन जातात. मागाहून दिलेल्या पाण्यानें ती तूट पुरती भरून येत नाहीं.

कचेरींत संगणक आल्यापासून वहीच्या जागीं तक्रारनोंदीची प्रणाली ठेवावी, असा विचार अनेक ठिकाणीं बोलून दाखविला जातो. विचार चांगला आहे. परंतु ही प्रणाली वहीहून सरस कां, याचें मुख्य उत्तर एवढेंच कीं, कोणी येऊन पाहील म्हणून ती वाट पाहत बसत नाहीं. नोंद होतांच ईमेल धाडून संबंधित मनुष्यास ती स्वतः हलविते. ही सूचनांची योजना नीट लावली नाहीं, तर वहीचे सगळे दोष कायम राहतात आणि विजेचें बिल तेवढें वाढतें. म्हणून प्रणाली कशी बसवावी यापेक्षां तिच्या सूचना कशा लावाव्या, याचाच विचार येथें मुख्यत्वें केला आहे.

हीं साधनें मूळ शेतीच्या कामासाठीं झालेलीं नाहींत. संगणकाच्या प्रोग्रॅममध्यें सांपडणारे दोष टिपून ठेवावे, म्हणून तीं निघालीं. डेबियन नांवाची जी मोफत संगणकप्रणाली जगभरचे स्वयंसेवक मिळून तयार करतात, तिची दोषनोंद इयन जॅक्सन यांनीं १९९४ सालीं लिहिली. तिचा व्यवहार ईमेलनें चालतो. ठराविक पत्त्यावर ईमेल धाडला कीं तक्रारीस क्रमांक मिळतो. मग त्या क्रमांकाच्या पत्त्यावर जो कोणी लिहील त्याचें लिखाण त्या तक्रारीखालीं जमा होतें. काम उरकल्यावर क्रमांकापुढें ‘डन’ हा शब्द जोडलेल्या पत्त्यावर लिहावयाचें, म्हणजे तक्रार मिटते आणि ती मिटल्याचें पत्र मूळ तक्रारदारास आपोआप जातें. आम्हांस हा शेवटला भाग सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याकडे तक्रार मिटली असें कचेरी म्हणते, पण तक्रारदारास तें ठाऊकच नसतें. त्यामुळें ती खरोखर मिटली कीं नाहीं, हें सांगावयास कोणी उरत नाहीं.

पुढें १९९८ सालीं मोझिला प्रकल्पासाठीं टेरी वाइसमन यांनीं बगझिला ही प्रणाली केली. तींत प्रत्येकास एक तक्ता दिलेला असतो: एका बाजूस त्या नोंदीशीं आपला संबंध, म्हणजे आपण तक्रारदार आहों, काम आपल्याकडे सोंपविलें आहे, कीं नुसती प्रत मागितली आहे, आणि दुसऱ्या बाजूस प्रसंग. जेथें खूण करावी तेवढ्याच प्रसंगाचा ईमेल येतो. शिवाय नवी नोंद सात दिवस कोणी हातीं घेतली नाहीं, तर ती ज्याच्या नांवावर असेल त्यास टोचणीचे ईमेल धाडण्याची सोय आहे. या सोयीस तिच्या कर्त्यांनीं ‘व्हाइन’, म्हणजे कुरकूर, असें नांव ठेविलें आहे. ही सोय घरोघरीं फार पूर्वीपासून चालू आहे, असें एखादा विनोदी वाचक म्हणेल.

लहान संस्थेस आमच्या मतें रेडमाइन ही प्रणाली सोईची पडते. जाँ-फिलिप लांग यांनीं ती २००६ सालीं प्रथम लोकांपुढें ठेविली. ती मोफत आहे, आणि तींतील तक्रारींचे वर्ग आपणांस हवे तसे पाडतां येतात. पुढील विवेचन तिला धरूनच केलें आहे.

पहिलें काम, ईमेल बाहेर पडण्याची वाट मोकळी करणें. प्रणाली स्वतः टपाल वाहत नाहीं. ती तें टपाल वाहणाऱ्या सर्व्हरच्या हवालीं करते, आणि हा देवघेवीचा प्रकार एस.एम.टी.पी. या नांवानें १९८२ सालापासून रूढ आहे. रेडमाइनच्या ‘कॉन्फिग’ या कप्प्यांत ‘कॉन्फिगरेशन’ नांवाची एक फाइल असते. तींत सर्व्हरचें नांव, पोर्टचा क्रमांक (हा बहुधा ५८७ असतो), वापरणाऱ्याचें नांव आणि पासवर्ड इतकें भरावयाचें. येथें एक बारीक गोम आहे. या फाइलींत ओळींच्या आरंभीं सोडलेल्या मोकळ्या जागेस अर्थ असतो. ती जागा ‘स्पेस’च्या कळीनेंच सोडावी, ‘टॅब’च्या कळीनें सोडल्यास फाइल वाचलीच जात नाहीं. बदल केल्यावर प्रणाली एकदां बंद करून पुन्हां चालू करावी लागते, हेंहि विसरूं नये.

संस्थेचा पत्ता जीमेलचा असेल तर नेहमींचा पासवर्ड येथें चालत नाहीं. गूगलनें ३० मे २०२२ पासून खाजगी खात्यांस ती मोकळीक बंद केली. खात्यावर दुहेरी पडताळणी चालू करून ‘ॲप पासवर्ड’ नांवाचा निराळा पासवर्ड काढावा व तो भरावा. संस्थेनें स्वतःच्या नांवाचा पत्ता घेतला असल्यास आणखी एक काळजी घ्यावी लागते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनीं पाठविणाऱ्यांची पारख कडक केली आहे. संस्थेच्या नांवानें पत्र नेण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरांस आहे याची जाहीर यादी, म्हणजे एस.पी.एफ., आणि पत्रावरील न पुसणारी मोहोर, म्हणजे डी.के.आय.एम., यांपैकीं निदान एक तरी असल्याशिवाय पत्र परत फिरतें किंवा नको असलेल्या टपालाच्या ढिगांत पडतें. दोन्ही असावींत हें उत्तम. पत्त्याचें नांव ज्यांच्याकडून घेतलें असेल त्यांच्याकडूनच हें करून घ्यावें. कारकुनावर टाकूं नये.

मग प्रशासनाच्या विभागांत ईमेल-सूचनांचें पान उघडून कोणत्या पत्त्यावरून सूचना निघावयाच्या तो पत्ता द्यावा व त्याच पानावर असलेल्या सोईनें एक चांचणीचा ईमेल धाडून पाहावा. येथें दोन गोष्टींनीं नवशिक्याचा गोंधळ होतो. सूचनेंत तक्रारीच्या पानाचा दुवा असतो. सर्वसाधारण पानावर प्रणालीचा खरा पत्ता भरला नसेल तर तो दुवा दाबून कोणतेंच पान उघडत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, आपण स्वतः केलेल्या बदलांची सूचना आपणांस नको अशी एक खूण प्रत्येकाच्या खात्यांत असते. ती खूण असतांना आपणच तक्रार नोंदवून ईमेलची वाट पाहत बसलें, तर तो येणार नाहीं, आणि सर्व कांहीं ठीक असतांहि यंत्र बिघडलें असा समज होईल. चांचणी दुसऱ्याच्या खात्यावरून करावी.

येथपर्यंतचें काम कोणीहि जाणता तरुण दोन तासांत करून देईल. खरी अडचण पुढें आहे, आणि ती संगणकाची नाहीं.

कोणास काय कळवावयाचें? बहुतेक ठिकाणीं पहिला ठराव होतो तो, सर्व सभासदांस सर्व कळवावें. यांत कोणाचा मान राहत नाहीं असें होत नाहीं, म्हणून तो लवकर संमत होतो. पण हिशेब करून पाहा. ४० जण सर्व तक्रारींच्या सूचना घेत आहेत आणि दिवसाकाठीं नोंदींत १३ बदल झाले, तर ५२० ईमेल निघतात. जीमेलच्या खाजगी खात्यास दिवसाला ५०० ची मर्यादा आहे. ती ओलांडली कीं खातें कांहीं काळ अडतें, आणि अडल्यानंतर येणारी मोटार जळाल्याची तक्रार कोणासच कळत नाहीं. पैसे देऊन मोठें खातें घेतलें तरी दुसरी मर्यादा उरतेच, ती वाचणाऱ्याच्या डोळ्यांची. आपल्याशीं संबंध नसलेले दहा ईमेल ज्यास रोज येतात, तो अकरावाहि उघडीत नाहीं. चेअरमनसाहेबांस सर्व प्रती गेल्या पाहिजेत असा आग्रहहि आम्हीं पुष्कळदां ऐकला आहे. त्यांस आठवड्याची यादी एकदां पाहावयास मिळाली तर त्यांचा अधिकार कमी होत नाहीं; उलट रोजच्या भडिमारांत महत्त्वाची तक्रार त्यांच्या हातून निसटली, तर तो दोष मात्र त्यांच्या माथीं येतो.

रेडमाइनमध्यें प्रत्येकाच्या खात्यांत यासाठीं पर्याय असतात: सर्व प्रकल्पांतील सर्व बदल, निवडक प्रकल्पांतील, आपण लक्ष ठेविलेल्या किंवा आपला संबंध असलेल्या तक्रारी, केवळ आपल्याकडे सोंपविलेल्या, किंवा कांहींच नको. यांतला तिसरा पर्याय प्रणाली आपण होऊनच लावते व तो बहुतेकांस पुरतो. तो मोडूं नये. त्याऐवजीं वर्गांकडे लक्ष द्यावें. मोटार व स्टार्टर, नळीची गळती, व्हॉल्व्ह, पाळीपत्रक, आकारणी, असे वर्ग पाडून प्रत्येक वर्गास एक मनुष्य नेमून ठेवतां येतो. त्या वर्गाची तक्रार आली व दुसऱ्या कोणाचें नांव घातलें नाहीं, म्हणजे ती त्याच्या नांवावर चढते व त्यास ईमेल जातो. एका वर्गास एकच नांव असावें. दोन नांवें ठेविलीं कीं प्रत्येकजण दुसऱ्यानें पाहिलें असेल असें धरून चालतो.

आतां पंपचालक किंवा पाटकरी ईमेल पाहत नाहीं, तो नदीवर असतो, अशी शंका निघेल. ती रास्त आहे. अशा वर्गावर देखरेख करणाऱ्या सभासदाचें नांव घालावें व त्यानें ईमेल येतांच चालकास फोन करावा. फोन केल्याची एक ओळ नोंदींत लिहावी.

दुसरी अडचण हिच्याहून मोठी आहे आणि तिकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. सभासद कचेरींत येऊन तोंडी सांगतो, आणि कारकून आपल्या खात्यावरून नोंद करतो. प्रणालीच्या दृष्टीनें तेव्हां तक्रारदार कोण? कारकून. पुढचे सर्व ईमेल त्यासच जातात. ज्याचा गहूं वाळत आहे त्यास व्हॉल्व्ह दुरुस्त झाल्याचें कळत नाहीं, तो पाणी धरावयास जात नाहीं, आणि त्याची पाळी तशीच निघून जाते. याकरितां ज्या सभासदांकडे ईमेल आहे त्यांचीं खातीं आरंभींच उघडून ठेवावीं, व कारकुनानें नोंद करतांना त्या सभासदास लक्ष ठेवणाऱ्यांच्या यादींत घालावें. ज्यांच्याकडे ईमेल नाहीं त्यांचा फोनक्रमांक नोंदींतच असावा, आणि तक्रार मिटविण्यापूर्वीं त्यांस विचारावें.

तक्रारीच्या मथळ्याविषयींहि दोन शब्द. मोबाइलवर ईमेल येतो तेव्हां मथळ्याचे पहिले कांहीं शब्दच दिसतात, आणि रेडमाइन त्यांच्यापुढें प्रकल्पाचें नांव व तक्रारीचा क्रमांक जोडतें. संस्थेचें पूर्ण नोंदणीकृत नांव प्रकल्पास दिलें तर मोबाइलवर केवळ तेंच दिसेल. नांव दोन-तीन अक्षरी ठेवावें. ‘पाणी येत नाहीं’ असा मथळा सर्वच तक्रारींस लागू पडतो. त्याऐवजीं ‘शाखा ३, दुसरा व्हॉल्व्ह उघडत नाहीं’ असा लिहावा, म्हणजे वाचणारा ईमेल न उघडतांहि पाना घेऊन निघूं शकतो.

राहिली स्मरणपत्रांची गोष्ट. मुदत जवळ आलेल्या व टळलेल्या तक्रारींची यादी ज्याच्या त्याच्याकडे धाडण्याची आज्ञा रेडमाइनमध्यें आहे. ती सर्व्हरच्या ‘क्रॉन’ या वेळापत्रकांत घालून पहांटे सहास चालवावी, म्हणजे माणूस शेतावर निघण्यापूर्वीं ती पाहतो. कांहीं न सांगितल्यास ती पुढल्या सात दिवसांतील मुदतीपर्यंत पाहते. पाणीपाळीच्या कामास सात दिवस फार होतात, दोन पुरे. परंतु ज्या तक्रारीस मुदतीची तारीख नाहीं, किंवा जी कोणाच्याच नांवावर नाहीं, तिचें स्मरणपत्र निघत नाहीं. म्हणून ‘वर्कफ्लो’च्या पानावर मुदत व जबाबदार मनुष्य हीं दोन्ही घरें आवश्यक करून ठेवावींत, मग तीं भरल्यावांचून नोंद जतनच होत नाहीं. या मुदती कारकुनानें मनानें ठरवूं नयेत. संचालक मंडळाच्या सभेंत वर्गवार ठराव करून घ्यावा. मोटारीस एक दिवस, गळतीस दोन, आकारणीच्या वादास पंधरा, असे आंकडे आपल्या नळीची लांबी आणि मिस्त्रीचें गांव किती दूर आहे हें पाहून घालावे, व रब्बीच्या पहिल्या पाळीपूर्वीं ते प्रणालींत चढवावे.