पितळी इंजिन आणि डाखाचा दर्जाक्रम
ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या ज्या ५७०० वर्गाची ८६३ पॅनियर टँक इंजिने १९२९ ते १९५० या काळात घडविली गेली, त्यांपैकी एकाची १:४३.५ प्रमाणातील पितळी प्रतिकृती संचातून उभारताना मला मिळालेला पहिला धडा उष्णतेच्या दर्जाक्रमाचा होय. मुख्य सांगाड्यास १८८ अंशांना वितळणारा डाख, बारीकसारीक तपशिलास १४५ चा, आणि शिसे-कथिलाच्या ओतीव भागांस अवघा ७० चा, अशी तजवीज ठेवली म्हणजे नवा सांधा जुन्यास उसवीत नाही. तथापि खरी दक्षता रंगाचे अस्तर मारण्यापूर्वीच हवी. डाख देताना वापरलेल्या फ्लक्सचा आम्लांश निःशेष धुतला नाही, तर कालांतराने रंगाची सारी रया जाते. गेल्या खेपेस बोटाचा एकच तेलकट ठसा राहिला, आणि टाकीवरचा हिरवा रंग नखासरशी निघून आला!